मालकाची सही आणि परदेशांतील कायमचें बिऱ्हाड

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत परदेशीं असलेल्या मुलाविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तो तिकडे कायम झाला का ?" उत्तर 'हो' असें आलें कीं विचारणाराचें समाधान होतें, आणि सांगणाराच्या चेहऱ्यावर अर्धा आनंद व अर्धा विषाद असें कांहीं तरी मिश्रण उमटतें. परंतु हें 'कायम' होणें म्हणजे नेमकें काय, तें कोणाच्या हातीं असतें, त्यासाठीं किती वर्षें कोणत्या मुलखांत काढावीं लागतात, आणि त्या कायमपणांत घरांतील कोण कोण मावतें, ह्याची विचारपूस क्वचितच होते. मुलगा अथवा सून परदेशीं धाडणाऱ्या घरानें ही विचारपूस बोजे बांधण्यापूर्वीं करावयास हवी.

कायम रहिवासाचा हक्क मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी विद्येच्या बळावर मिळवितो, कोणी विवाहामुळें, कोणी भांडवल गुंतवून. प्रस्तुत लेखांत आपणांस विचार करावयाचा आहे तो निराळ्याच मार्गाचा. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या भागांतील एखादा मालक सरकारला लिहून देतो कीं, 'मला हा मनुष्य हवा आहे, माझ्या भागांत ह्या कामाचा मनुष्य मिळत नाहीं'. आणि त्या शब्दावर विसंबून सरकार परक्या माणसास आपल्या देशांत घेतें व कांहीं मुदतीनंतर कायम करतें. हा मार्ग ऑस्ट्रेलियांत चांगलाच रुळलेला आहे. शिवाय त्या देशाशीं आपला संबंध आतां दूरचा राहिलेला नाहीं. २०२१ सालच्या तेथील खानेसुमारींत भारतांत जन्मलेल्या ६,७३,३५२ लोकांची नोंद झाली. परदेशांत जन्मून तेथें राहणारांत इंग्लंडखालोखाल आपलाच क्रम लागला.

हा मार्ग निघाला कां, हें त्या देशाचा नकाशा पाहिला म्हणजे ध्यानीं येतें. एक सबंध खंड, आणि त्यांतील दर पांच माणसांपैकीं सुमारें दोन माणसें सिडनी व मेलबोर्न ह्या दोनच शहरांत गोळा झालेलीं ! उरलेल्या अफाट मुलखांत इस्पितळें आहेत, वृद्धांचीं शुश्रूषागृहें आहेत, मोटारी दुरुस्त करण्याचे कारखाने आहेत, खाणी आहेत, गुरांचे व फळांचे मळे आहेत. नाहींत तीं माणसें. मेलबोर्नपासून पांचशें किलोमीटरांहून दूर असलेल्या मिल्ड्युरा गांवीं, अथवा पर्थपासून सहाशें किलोमीटर आंत असलेल्या सोन्याच्या खाणींच्या कालगुर्ली गांवीं, सिडनींत वाढलेली परिचारिका किंवा आचारी सहसा जावयास तयार होत नाहीं. आपल्याकडे कोंकणांतल्या तालुक्याच्या इस्पितळांत डॉक्टर टिकत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, आपण त्याबद्दल हळहळतों, आणि त्या सरकारनें बाहेरच्या माणसास 'तेथें राहाल तर देश तुमचा' असें सांगण्याची युक्ति काढली.

ही युक्ति अगदींच नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपांतील निराश्रितांच्या छावण्यांतून १९४७ पासून पुढील कांहीं वर्षांत सुमारें १,७०,००० माणसें ऑस्ट्रेलियानें आणलीं, तीं अशाच करारावर. दोन वर्षें सरकार सांगेल तेथें, सरकार सांगेल तें काम करावयाचें, मग मोकळीक. त्यांत डॉक्टर असलेल्यांनीं इस्पितळांत हमाली केली आणि वकिलांनीं रस्ते खणले. त्या वेळीं ही वाट आपल्यासारख्यांस बंदच होती. १९०१ च्या कायद्यान्वयें उतारूस कोणत्याहि यूरोपीय भाषेंत श्रुतलेखन घालून नापास करण्याची सोय अधिकाऱ्यांस ठेविलेली होती, आणि वर्णभेदाचें तें धोरण पूर्णपणें मोडीत निघावयास १९७३ साल उजाडावें लागलें. आज त्याच देशाच्या आडगांवचा मालक नाशिकची परिचारिका किंवा कोल्हापूरचा वेल्डर मिळावा म्हणून सरकारदरबारीं अर्ज करतो, ही काळाची उलटापालट मोठी मौजेची आहे.

आतां योजनेच्या स्वरूपाकडे वळूं. १९९० नंतरच्या दशकांत 'रीजनल स्पॉन्सर्ड मायग्रेशन स्कीम' ह्या नांवानें ती सुरू झाली. तींत सौदा असा होता कीं, मालकानें दोन वर्षांच्या नोकरीची हमी द्यावयाची आणि सरकारनें त्या माणसास आरंभींच कायम रहिवासाचा व्हिसा द्यावयाचा. मनुष्य विमानांतून उतरला तो कायम होऊनच उतरला ! त्यानें दोन वर्षांच्या आंत प्रामाणिक प्रयत्न न करितां नोकरी सोडली तर व्हिसा रद्द करण्याचा अधिकार सरकारनें आपल्या हातीं ठेविला होता. परंतु दोन वर्षें कशीबशी काढून, आणि कधीं कधीं तींहि न काढितां, माणसें मोठ्या शहरांकडे जाऊं लागलीं. कांहीं ठिकाणीं तर नोकरीच नांवापुरती असे. मालकाच्या वहींत पगार आणि मालकाच्या खिशांत नोकराचे पैसे. शेवटीं नोव्हेंबर २०१९ मध्यें ही योजना नव्या अर्जदारांस बंद करण्यांत आली.

तिच्या जागीं १६ नोव्हेंबर २०१९ पासून जी योजना आली तींत सौद्याचा क्रमच उलटा केलेला आहे. आरंभीं मिळतो तो पांच वर्षें मुदतीचा तात्पुरता व्हिसा. त्याचा सरकारी क्रमांक ४९४. ह्या व्हिसावर ठरविलेल्या भागांत तीन वर्षें नियमानें काढलीं म्हणजे दुसरा अर्ज करतां येतो आणि तेव्हां कुठें कायम रहिवासाचा, १९१ क्रमांकाचा, व्हिसा मिळतो. पूर्वीं सरकार माणसावर आधीं विश्वास टाकीत असे आणि मग त्याची परीक्षा पाही. आतां परीक्षा आधीं, विश्वास मागाहून. नोकराच्या दृष्टीनें हा बदल कडक आहे ह्यांत शंका नाहीं. तथापि माझ्या मतें तो अधिक सरळ आहे, कारण घरांतून निघणाऱ्या माणसास आपण नेमकें काय देऊन काय घेणार हें पहिल्या दिवशींच कळतें.

'ठरविलेला भाग' ह्या शब्दांनीं मात्र वाचकांनीं घाबरून जाऊं नये. सिडनी, मेलबोर्न आणि ब्रिस्बेन हीं तीन महानगरें वगळून उरलेला सारा ऑस्ट्रेलिया ह्या व्याख्येंत येतो. वीस लाखांहून अधिक वस्तीचें पर्थ, आणि अॅडलेड, होबार्ट, एवढेंच काय पण राजधानीचें कॅनबेराहि सरकारी भाषेंत 'प्रांतिक भाग' ! तेव्हां ह्या मार्गानें जाणारा प्रत्येक मनुष्य रानांतच जाऊन पडतो असें नाहीं. परंतु मोठ्या गांवीं अशी नोकरी मिळणें अवघड, आणि लहान गांवीं सोपें. हा बाजाराचा नियम तेथेंहि चुकत नाहीं.

अर्जाचीं पावलें तीन आहेत, आणि त्यांतलीं पहिलीं दोन मालकानेंच टाकावयाचीं असतात. प्रथम त्यानें स्वतःस पुरस्कर्ता म्हणून सरकारकडून मान्य करून घ्यावयाचें. मग एक विशिष्ट जागा दाखवून 'ह्या जागेवर हा मनुष्य' असें नामनिर्देशन करावयाचें. ही जागा स्थानिक माणसांतून भरण्याचा प्रयत्न आपण केला होता ह्याचा पुरावा जोडावयाचा. आणि ठरविलेला पगार त्या भागांतील त्या कामाच्या चालू दरास धरून आहे कीं नाहीं, ह्याविषयीं त्या प्रांतांतील नेमून दिलेल्या मंडळाचा अभिप्राय घ्यावयाचा. पगाराला खालची मर्यादाहि आहे. ती २०१३ पासून दहा वर्षें ५३,९०० डॉलर अशी गोठून राहिली होती. १ जुलै २०२३ रोजीं ती ७०,००० डॉलर झाली आणि त्यानंतर दरसाल वाढविली जात आहे. तिसरें पाऊल उमेदवाराचें. वय पंचेचाळिशीच्या आंत, आपल्या धंद्यांतील तीन वर्षांचा अनुभव, तेथील अधिकृत संस्थेनें कसब तपासून दिलेला दाखला, आणि इंग्रजीच्या परीक्षेंत वाचन, लेखन, श्रवण व संभाषण ह्या चारहि अंगांत ठरलेले गुण. आयेल्ट्स परीक्षा दिली तर प्रत्येक अंगांत किमान सहा. आपल्याकडील पदवीधर इंग्रजीच्या परीक्षेस तुच्छ लेखतो आणि नेमका लेखनांत अर्ध्या गुणानें अडकतो.

आतां ह्या सर्व प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊं. व्हिसा सरकार देतें हें खरें. पण ४९४ व्हिसावरील मनुष्य ज्या दोऱ्यानें लोंबत असतो त्याचें टोंक मालकाच्या हातीं असतें. त्या व्हिसाच्या अटीप्रमाणें त्यानें नेमून दिलेलें काम नेमून दिलेल्या मालकाकडेच केलें पाहिजे. राहणें, काम करणें आणि शिकणें हें सर्व ठरविलेल्या भागांतच. शिवाय बगलेचीं दारेंहि लावून घेतलेलीं आहेत. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं कसबाच्या जोरावर मिळणाऱ्या इतर बहुतेक कायम व्हिसांसाठीं ह्या माणसास अर्जच करतां येत नाहीं. मालक सज्जन असला तर ह्या अटींची आठवणहि होत नाहीं. परंतु मालक नाठाळ निघाला, जादा तासांचे पैसे देईना, रजा देईना, 'तुझा व्हिसा माझ्या हातीं आहे' असें दिवसांतून दोनदां ऐकवूं लागला, तर ? स्वदेशीं असला मनुष्य राजीनामा त्याच्या टेबलावर ठेवून घरीं येईल. तेथें मात्र बायको, शाळेंत जाणारीं मुलें, भाड्याचें घर, आणि पुरीं होत आलेलीं तीन वर्षें हीं सगळीं त्याच्या जिभेवर बसलेलीं असतात.

अशा वेळीं कोणी गिरमिटाची आठवण काढतो. ज्या करारावर आपल्या मुंबई इलाख्यांतून मराठी माणसें गेल्या शतकाआधींच्या शतकांत मॉरिशसच्या उंसाच्या मळ्यांवर गेलीं, आणि १८७९ पासून १९१६ पर्यंत हिंदी मजूर फिजीस गेले, त्या 'अॅग्रीमेंट'चेंच तें अपभ्रष्ट रूप. मला ही तुलना अतिशयोक्तीची वाटते. गिरमिट्यास मालक बदलतां येत नव्हता, आणि काम टाकलें तर तुरुंग होता. येथें बाजारभावाचा पगार आहे, न्यायालय आहे, आणि नोकरी सोडण्याची मोकळीक आहे. मात्र ही मोकळीक किती दिवसांची, ह्यावरच तिची खरी किंमत ठरते. पूर्वीं नोकरी सुटल्यापासून नव्वद दिवसांत दुसरा पुरस्कर्ता मालक शोधावा लागे. आडगांवीं नव्वद दिवसांत दुसरा मालक, आणि तोहि सरकारी सोपस्कार नव्यानें करावयास तयार असलेला ! १ जुलै २०२४ पासून ही मुदत एका वेळीं एकशें ऐंशी दिवस, आणि व्हिसाच्या सबंध काळांत मिळून तीनशें पासष्ट दिवस अशी वाढविण्यांत आली, व त्या अवधींत इतरत्र काम करून पोट भरण्याचीहि मुभा मिळाली. त्याच दिवसापासून, व्हिसाचा धाक घालून नोकरास अन्यायाचें काम करावयास लावणें हा तेथें फौजदारी गुन्हा झाला आहे. हे दोन बदल कागदावर लहान दिसतात. परंतु नाठाळ मालकाच्या हाताखालीं दिवस काढणाऱ्या माणसास त्यांचें मोल विचारावें.

आणखी एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, कारण ती फारशी बोलली जात नाहीं. जुन्या पद्धतींत जो मनुष्य आधीं तात्पुरत्या व्हिसावर काम करून मग कायम होऊं पाही, त्याला अखेरच्या क्षणीं मालकाच्या नामनिर्देशनाची पुन्हा एकदां गरज लागे. तीन-चार वर्षें राबवून घेऊन मालकानें ऐन वेळीं सही नाकारली कीं सर्व मुसळ केरांत. नव्या मार्गांत १९१ क्रमांकाच्या अर्जास मालकाची सही लागत नाहीं. तीन वर्षें व्हिसा धारण केला, अटी पाळल्या, आणि तीन आर्थिक वर्षांच्या आयकराचे सरकारी निर्णयपत्र हातीं आहेत, एवढें मनुष्यानें स्वतःच दाखवावयाचें. म्हणजे मालकाची सही दार उघडतांना लागते, आंतल्या खोलींत जातांना नाहीं. म्हणूनच ह्या वाटेनें गेलेल्या माणसानें कराचे कागद सोन्यासारखे जपावे. ज्यानें मालकाच्या गोड बोलण्यास भुलून पगारांतला कांहीं भाग हातोहात रोख घेतला आणि कर चुकविला, त्यानें आपल्याच पुराव्यास वाळवी लावून घेतली असें समजावें.

पैशांचा विषय निघालाच आहे तेव्हां दलालांविषयीं चार शब्द सांगणें भाग आहे. 'अमुक लाख द्या, मालकाची चिठ्ठी आणून देतों' अशा बोली आपल्याकडील शहरांत चालतात, आणि लग्नाचे दागिने मोडून त्या पुऱ्या करणारीं घरेंहि आहेत. व्हिसाचें काम पाहणाऱ्या सल्लागारानें आपल्या श्रमाची फी घ्यावी, हें योग्यच; तेथील सल्लागारांची सरकारी नोंदवही आहे आणि तींत नांव आहे कीं नाहीं हें कोणासहि पाहतां येतें. परंतु मालकाच्या सहीबद्दल पैसे मागणें व घेणें हा डिसेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलियांत गुन्हा आहे. आणि देणाराहि त्यांतून सुटत नाहीं, त्यास दंड होऊं शकतो व त्याचा व्हिसाहि रद्द होऊं शकतो. नामनिर्देशनाच्या वेळीं मालकास तेथील कामगारांच्या शिक्षणनिधीसाठीं एक रक्कम भरावी लागते. वार्षिक उलाढाल एक कोटि डॉलरांच्या आंत असेल तर ३,००० डॉलर, अधिक असेल तर ५,०००. ही रक्कम मालकानेंच सोसावयाची असून ती नोकराच्या पगारांतून कापून घेणें बेकायदेशीर आहे. पुष्कळ मालक ती 'आपण निम्मी निम्मी वांटून घेऊं' असें म्हणून टाकतात, आणि आपला मनुष्य भिडेपोटीं मान हलवितो !

हा झाला मालकाचा व नोकराचा हिशेब. आमच्या वाचकांचीं घरें बहुधा एकत्र कुटुंबाचीं. त्यांना ह्याहून जिव्हाळ्याचा प्रश्न निराळाच आहे. कायम होणारा मनुष्य आपल्याबरोबर कोणाकोणास कायम करूं शकतो ? कायद्यापुढें 'कुटुंब' म्हणजे काय ?

येथें प्रथम एक गमतीची गोष्ट सांगतों. व्हिसाच्या कागदावर ज्याच्या कसबावर अर्ज होतो तो मुख्य अर्जदार. बाकीचे त्याच्या आश्रयानें येणारे. पुष्कळ घरांत हा मुख्य अर्जदार म्हणजे सूनबाई असतात. परिचारिकेचा अनुभव त्यांचा, परीक्षेचे गुण त्यांचे, मालकाची चिठ्ठी त्यांच्या नांवानें. आणि चिरंजीव इंजिनिअर असूनहि कागदोपत्रीं 'अवलंबून असलेले'. हिंदु कायद्यांतील कर्त्याची कल्पना उराशीं धरणाऱ्या वडीलधाऱ्यांस हें वाचून क्षणभर चमत्कारिक वाटेल. पण पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. मालकाशीं जखडलेला असतो तो मुख्य अर्जदारच. त्याचा जोडीदार ठरविलेल्या भागांत राहून कोणाकडेहि, कसलेंहि काम करूं शकतो, आवडलें नाहीं तर सोडूं शकतो. म्हणजे बंधन सुनेस आणि मोकळीक मुलास, असा हिशेब होतो. तीन वर्षें रात्रपाळीच्या शुश्रूषागृहांत जाऊन सबंध घराचा कायमपणा मिळवून देणाऱ्या सुनेचा मान सासरच्या घरानें कोणत्या दर्जाचा राखावा, हें मीं सांगावयास नको.

मुलांचें बोलावयाचें तर अठरा वर्षांखालील मुलें, आणि शिकत असलेलीं, खरोखर अवलंबून असलेलीं तेविसाव्या वर्षापर्यंतचीं मुलें बरोबर जातात. औषधपाण्याच्या सरकारी मेडिकेअर योजनेचा लाभ ह्या प्रांतिक तात्पुरत्या व्हिसावरील कुटुंबांसहि मिळतो, ही मोठीच सोय. मराठीचें काय, असें आजी विचारील. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळें आहेत, गणेशोत्सव आहेत. पण लहान गांवीं आपलें घर हेंच एक मराठी घर असण्याची तयारी ठेवावी. न्यू साउथ वेल्स प्रांतांतील वूलगूल्गा ह्या समुद्रकांठच्या लहानशा गांवीं पंजाबी शिखांनीं केळींच्या बागा केल्या आणि १९६८ सालीं गुरुद्वारा उभारला. पुढल्या पिढ्या तेथेंच नांदत आहेत. शहराकडे न धांवतां आडगांवीं मूळ धरतां येतें ह्याचें तें डोळ्यांसमोरचें उदाहरण आहे.

राहिले आईवडील. हा ह्या प्रकरणांतील सर्वांत बोंचरा कांटा होय. नोव्हेंबर २०१६ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या नियमांत 'कुटुंबांतील व्यक्ति' ह्या शब्दांत मुख्य अर्जदाराच्याच घरीं राहणारा व त्याच्यावरच अवलंबून असलेला, एकटा पडलेला नातेवाईक बसत असे. म्हणजे एखाद्याची विधवा आई, वर्षानुवर्षें मुलाच्याच घरीं राहणारी, मुलाबरोबरच अर्जांत घालतां येई. १९ नोव्हेंबर २०१६ पासून ही व्याख्या आंखडली. आतां पति-पत्नी आणि मुलें, एवढेंच कुटुंब. आपण ज्याला घर म्हणतों त्यांतून आईचें नांव एका दुरुस्तीनें खोडलें गेलें, आणि आपल्याकडील फारच थोड्यांना त्याची वार्ता लागली.

मुलगा कायम झाल्यावर मागाहून आईवडिलांना बोलवावें, तर त्याला दुसरा अडथळा आहे. त्या कायम व्हिसासाठीं 'कुटुंबाच्या तोलाची' कसोटी लागते. एकूण मुलांपैकीं निदान निम्मीं मुलें ऑस्ट्रेलियांत कायम असलीं पाहिजेत, किंवा अन्य कोणत्याहि एका देशापेक्षां तेथें अधिक असलीं पाहिजेत. एक मुलगा अॅडलेडला आणि दोन मुली पुण्याला, अशा आईचा तोल भारताकडे झुकतो व ती नापास होते. पुण्याच्या दोन्ही मुली दुसऱ्यांच्या घरीं दिलेल्या आहेत, आईचें घर मुलाचें घर होय, ही आपली समजूत त्या कायद्यास कळत नाहीं. मुलगी व मुलगा तो सारखेच मोजतो, आणि न्यायानें पाहतां त्यांत त्याचें चुकलें असेंहि म्हणवत नाहीं. कसोटी उतरली तरी साध्या पितृव्हिसाच्या रांगेंत आज नांव घालणाऱ्यास तीस वर्षांहून अधिक काळ थांबावें लागेल. सत्तरीच्या माणसास तीस वर्षें थांबा म्हणणें ही सभ्य भाषेंतील नकारघंटाच नव्हे काय ? मोठी रक्कम भरून लवकर नंबर लावण्याचा दुसरा प्रकार आहे. पण तेथेंहि आतां रांग दहा वर्षांपलीकडे गेली आहे. २०१९ पासून तीन किंवा पांच वर्षांच्या मुदतीचा, एकूण दहा वर्षांपर्यंत वाढवितां येणारा, तात्पुरता पितृव्हिसा निघाला आहे. त्यावर आईवडील नातवंडांत राहूं शकतात, कायम मात्र होत नाहींत.

कॅनडानें हाच प्रश्न कसा सोडविला तें पाहण्यासारखें आहे. अटलांटिक किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड बेट आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर ह्या चार प्रांतांसाठीं २०१७ सालीं प्रयोगादाखल सुरू झालेली योजना जानेवारी २०२२ पासून कायम केली आहे. तींतहि मालकाचें नोकरीचें पत्र लागतें, परंतु मनुष्यास कायम रहिवास थेट मिळतो. आणि त्या देशाच्या राज्यघटनेनें कायम रहिवाशास कोणत्याहि प्रांतांत जाऊन राहण्याचा हक्क दिलेला असल्यामुळें त्यास एका भागांत डांबून ठेवतां येत नाहीं. मग तो मनुष्य हॅलिफॅक्स सोडून टोरोंटोला पळूं नये म्हणून काय करावयाचें ? प्रत्येक उमेदवारासाठीं व त्याच्या कुटुंबीयांसाठीं घर, शाळा, भाषा ह्यांची आंखणी असलेला स्थिरावण्याचा आराखडा आधींच तयार झाला पाहिजे, अशी अट त्यांनीं घातली. ऑस्ट्रेलियानें दावें बांधलें, कॅनडानें चारा ठेविला. माणसें कोणत्या उपायानें अधिक टिकतात हें कांहीं वर्षांनीं दिसेल. पण पाहुण्यास राहवून घेण्याची दुसरी रीत आपल्या घरांतील मंडळींना अधिक ओळखीची वाटेल.

आतां तीन वर्षें सरलीं, १९१ चा व्हिसा हातीं आला, असें धरून चालूं. त्या दिवसापासून मालक सुटला, मुलूख सुटला. सिडनीस जा, मेलबोर्नला जा, कोणी विचारणार नाहीं. भारताचें नागरिकत्वहि जात नाहीं; पासपोर्ट आपलाच राहतो. तें जातें तेथील नागरिकत्व स्वीकारल्यावर, आणि तें स्वीकारावें कीं नाहीं हा निराळा निर्णय आहे. तेथें चार वर्षांचा कायदेशीर रहिवास व त्यांतील शेवटचें एक वर्ष कायम रहिवासी म्हणून, इतकें झाल्यावर त्यासाठीं अर्ज करतां येतो.

परंतु 'कायम' ह्या शब्दासहि एक मुदत चिकटलेली आहे, आणि ती बहुतेकांस उशिरां कळते. देशांत राहण्याचा हक्क कायमचा. देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा मात्र पांच वर्षांचीच. पांच वर्षें उलटल्यावर परतीचा नवा व्हिसा घ्यावा लागतो, आणि तो सहज मिळण्यासाठीं मागील पांच वर्षांतील निदान दोन वर्षें ऑस्ट्रेलियांत काढलेलीं असावीं लागतात. तेव्हां वडिलांच्या दीर्घ आजारांत जो मुलगा पुण्यास येऊन त्यांच्या उशाशीं बसेल, त्यानें त्या कायम घरापासून दूर काढलेल्या दिवसांचा जमाखर्च एका वहींत मांडून ठेवावा.